अक्काला विचारा

सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते छताच्या पंख्याकडे बघून. कॉलेजात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता, आणि मी कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये चपला घालून गेले होते. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पंख्याला म्हणाले, "काही लोक चपला बाहेर काढायला विसरताय. धूळ आत येते." पंखा आपला फिरत राहिला. मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे ते काही लोक मीच. मुकाट्याने चपला बाहेर काढून आले आणि मीही पंख्याला म्हटलं, "काढल्या म्हणावं." सरांनी मान डोलावली. ही आमची ओळख.

कोणाला तोंडावर काही म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता. प्राचार्यांना काही कळवायचं तर शिपायाकरवी, शिपायाला रागवायचं तर माझ्याकरवी, आणि मला रागवायचं तर पंखा होताच. जळगावच्या उन्हाळ्यात वीज गेली की पंखा थांबायचा आणि सर मुके व्हायचे, असं पोरं म्हणायची. पोरं काय, काहीही म्हणतात, पण यात अगदीच खोटं नव्हतं.

माणूस दिसायला साधा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायजम्यासारखी सैल पॅन्ट, आणि खांद्याला शबनम. तिच्यात केळी. आमच्याकडे केळ्याचं कौतुक कोणाला नाही, पण सर हिरवी केळी आणायचे आणि मॉनिटरच्या पाठीवर मांडून ठेवायचे. मॉनिटर दिवसभर तापतो, त्या उबेला केळी पिकतात. कोणत्या मॉनिटरवर लवकर पिकतात, हेही त्यांना ठाऊक होतं. एकदा एका पोराने न विचारता एक केळं खाल्लं, तर सर पंख्याला म्हणाले, "मागितलं असतं तर दोन दिली असती. विचारण्यात लाज कसली?" हे त्यांचं आवडतं वाक्य. विचारण्यात लाज कसली. हे ऐकून मला तेव्हा फार हसू यायचं, कारण आयुष्यात कोणाला सरळ काही विचारलं नाही असा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो हाच होता.

मी धुळ्याची. जळगावात खोली शोधत होते, तर सरांनी पंख्याला सांगितलं, "आमच्या घरी वरची खोली रिकामी आहे. अक्कांना विचारावं लागेल." रेल्वे फाटकापलीकडच्या कॉलनीत त्यांचं स्लॅबचं घर होतं. खाली तीन माणसं: सर, त्यांचे थोरले भाऊ नाना, आणि नानांची बायको. तिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची, सरसुद्धा वहिनी न म्हणता अक्काच म्हणत. सरांनी लग्न केलं नव्हतं. नाना-अक्कांना मूलबाळ नव्हतं. नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आवाज भोंग्यासारखा, आणि बसणं सदैव ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत, मांडीवर रेडिओ घेऊन.

राहायला गेले त्याच संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून एक चमत्कार पाहिला. सर अंगणाच्या फाटकातून आत आले. नाना ओट्यावर बसलेले होतेच. सर त्यांच्या खुर्चीला जवळजवळ घासून गेले, दारात बूट काढले, आणि आत स्वयंपाकघराकडे तोंड करून अहिराणीत विचारलं, "अक्का, नाना काय म्हनतस?"

आतून अक्का म्हणाल्या, "म्हनतस, जेई ले."

जेवून घे असं म्हणणारे नाना हाताच्या अंतरावर रेडिओचा काटा फिरवत होते. त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नव्हता.

मला वाटलं, आज काही बिनसलं असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरात ही रीतच होती. नानांना सरांना काही सांगायचं असलं की ते अक्कांना सांगत, सर अक्कांना विचारत, आणि मधल्या दारात उभ्या अक्का इकडचं तिकडे करत. पाठ टेकून बसले तरी दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येईल एवढंसं घर, पण शब्द जायचा तो अक्कांच्या तोंडूनच.

आणि अक्का तरी कसलं सांगत? एकदा सरांना कॉलेजातून यायला उशीर झाला. नाना ओट्यावरून गरजले, "घरमा येवानी येळ शे का हाई? त्याले सांग, हाई धरमशाळा नही शे!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. सर दारातच उभे होते, त्यांनी तर ऐकलंच. तरी त्यांनी बूट काढले आणि विचारलं, "नाना काय म्हनतस?" अक्का अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हनतस, उशीर व्हई ग्या, भूक लागनी व्हई. जेई ले." सर पाटावर जाऊन बसले.

नंतर मी अक्कांना म्हटलं, "अक्का, ते असं कुठे म्हणाले?" अक्का पोळपाट पुसत हसल्या. "बाई, जसंनं तसं सांगं तर हाई घर एक दिन तरी टिकी का?"

या बाईचं नाव पुढे एका मशीनला लागलं.

नव्वदीची अखेरची वर्षं होती. इंटरनेट आमच्याकडे नुकतंच आलं होतं आणि सगळ्यांना त्याची हाव सुटली होती. पण कॉलेजात बाहेर जाणारी फोनची लाईन एकच, ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये. तिथे एक मोडेम आणि त्याला जोडलेलं एक मशीन होतं. ते फोन लावायचं आणि बाहेरच्या जगातून मागितलेलं पान आणून द्यायचं. दुसऱ्याच्या वतीने बाहेर जाणाऱ्या अशा मशीनला प्रॉक्सी म्हणतात. सरांनी त्याचं नाव ठेवलं मामा. बाहेरगावाहून खाऊ मामाच आणतो, म्हणून. प्राचार्यांनी अट घातली होती की माझ्या केबिनमधल्या मशीनशी तुमच्या लॅबचं एकच मशीन बोलेल, पोरांची फौज नको.

लॅबमध्ये आमचा एक वेब सर्व्हर होता. त्याच्यावर कॉलेजचं वेळापत्रक, नोटिसा, जुन्या प्रश्नपत्रिका असायच्या. सरांनी ठरवलं, पोरांनी जे मागायचं ते या सर्व्हरकडे मागावं. घरात असेल तर तो देईल. नसेल तर मागणी पुढे मामाकडे पाठवेल, आणि मामाने आणलेलं मागणाऱ्याच्या हातात ठेवेल. मागणाऱ्याने मामाचं तोंड बघायची गरज नाही. आता अशा मशीनचं नाव दुसरं काय असणार? सरांनी पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने लिहून त्याच्या कपाळावर चिकटवलं: अक्का.

मी घरी जाऊन सांगितलं तर अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "मनं नाव? मशीनले?" मग जरा वेळाने गंभीरपणे विचारलं, "काम करस ना पन नीट?"

नीट कसलं करतंय. ती मांडणी जमवताना सरांनी जीव काढला, स्वतःचा आणि माझाही. कुठली मागणी घरातली, कुठली पुढे पाठवायची, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या दाराने, हे सगळं सर्व्हरला ओळी लिहून सांगावं लागे, आणि एक टिंब चुकलं की गाडी अडली. एके दुपारी तर मागितलेलं पान येईचना. अक्का आणि मामा दोन्ही मशीनं धापा टाकावी तशी घरघरत होती. सरांनी बराच वेळ नोंदी पाहिल्या आणि एकदम टाळी वाजवली. झालं होतं असं, की बाहेरचं काही आलं की अक्का म्हणे मामाला विचार, आणि आमच्याच चुकीने मामाला शिकवलं होतं की काही आलं की अक्काला विचार. बिचारी मागणी दोघांत गरगरत होती. सर पंख्याला म्हणाले, "आमच्या अक्कांनी असं केलं असतं तर दोघं भाऊ उपाशी मेलो असतो." आणि हसले. घरच्या अबोल्याबद्दल तोवर ते माझ्यासमोर बोललेले तेवढंच.

ते शिकवत मात्र सुरेख. ही मांडणी पोरांना समजावी म्हणून त्यांनी वर्गातच नाटक लावलं. एका मुलीला अक्का केलं, एकाला मामा करून दाराबाहेर उभं केलं, आणि बाकीच्यांनी अक्काकडे मागायचं, खडू, पाणी, शिपायाचं टोपणनाव, काहीही. एका आगाऊ पोराने थेट दाराकडे बघून "ए मामा!" अशी हाक मारली, तर सरांनी पंख्याला सांगून त्याला वर्गाबाहेर काढलं. मधल्याला ओलांडायचं नाही. मधला आहे म्हणून दोन्ही टोकं आहेत, हे त्यांचं म्हणणं. सगळी लॅब त्या दिवशी हसून लोळली. मीही हसले.

मग तो क्रिकेटचा प्रकार झाला. लॅबमध्ये टीव्ही नव्हता, पण अक्का होती. धावसंख्या सांगणारं एक पान पोरं दर थोड्या वेळाने मागत होती. कचेरीतले लोक, शिपाई, ग्रंथपाल, सगळे दारात गोळा झालेले. आपले गडी जमले होते, जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. पोरं पान मागायची, पान यायचं, तेच दोघे खेळताहेत, तेवढ्याच धावा हव्यात. कोणीतरी म्हणालं, पाऊस आला असेल, खेळ थांबला असेल. दुसऱ्याने पेढ्यांची वर्गणी सुरू केली. चांगला तासभर आमचं कॉलेज जिंकण्याच्या उंबरठ्यावर उभं होतं. तेवढ्यात बाहेरून एक प्राध्यापक आले आणि म्हणाले, अहो, केव्हाच हरलो आपण, लोक घरी गेले.

चूक अक्काची होती, म्हणजे मशीनची. एकदा आणलेलं पान ती आपल्याजवळ साठवून ठेवी, आणि पुन्हा कोणी तेच मागितलं की फोनचा खर्च आणि वेळ वाचवायला मामाकडे न जाता जवळचंच देई. ही सोय सरांनीच केली होती. पलीकडचं मशीन बंद पडलं असलं तरी ती साठ्यातलं पान काढून द्यायची, मागणाऱ्याला पत्ता लागत नसे. सगळे हसत होते. शिपाई म्हणाला, "जाऊ द्या सर, तासभर तर सुखात होतो."

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, यांनी पैज लावली होती की काय. सगळे पांगल्यावर ते मशीनसमोर बसले आणि साठवण्याच्या सगळ्या ओळी खोडून टाकल्या. "जुनं उत्तर द्यायचं नाही," ते पंख्याला म्हणाले. "पलीकडे काय झालंय ते न बघता बरं आहे म्हणून सांगायचं नाही. कोणीच."

त्या दिवसापासून लॅब बैलगाडी झाली. प्रत्येक मागणी मामापर्यंत जायची, मामा फोन लावायचा, आणि पोरं जांभया देत बसायची. प्राचार्यांनी निरोप धाडला, मी स्वतः विनवलं, पण सर ऐकेनात. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस हट्टाला का पेटला, ते मला कळेना. ते मी अक्कांना विचारलं.

अक्कांनी सांगितलं ते असं. घर मूळचं पारोळ्याकडचं. सर पुण्याला शिकत होते, शेवटच्या परीक्षेचे दिवस होते, आणि इकडे वडील, म्हणजे आबा, आजारी पडले. सरांना काळजी लागली म्हणून त्यांनी गावातल्या किराणा दुकानावर ट्रंक कॉल लावला. दुकानदाराने नानांना बोलावून आणलं. सरांनी विचारलं, आबा कसे आहेत? नाना म्हणाले, "बठ्ठं बरं शे. तू पेपर दे." सगळं बरं आहे, असं ते सांगत होते तेव्हा आबा घरात शेवटच्या घटका मोजत होते. त्यांनीच नानांना बजावलं होतं, धाकट्याला बोलवू नका, त्याचं वर्ष जाईल. नानांनी शब्द पाळला. सर पेपर देऊन गावी आले तेव्हा आबांची राखसुद्धा सावडून झाली होती.

"दारमाच उभा होता," अक्का म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. "यास्ले इचारं, मी फोनवर इचारं तवय तू काय सांगं? या काहीच बोलनात नही. बस. तवयपासून नही."

ही गोष्ट ऐकून मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली. एकाने मरणाऱ्याचा शब्द पाळला, दुसऱ्याने खरं काय ते विचारलं होतं. दोघांपैकी कोणाला चूक म्हणणार? वर्षांमागून वर्षं गेली, पारोळ्याचं घर सुटलं, नानांनी जळगावात घर बांधलं, त्यात भावासाठी खोली काढली, भाऊ येऊन राहिला, पण कोणी कोणाला सरळ विचारलं नाही. मधे अक्का होत्या म्हणून चाललं.

मग आमच्या लॅबच्या मान्यतेसाठी बाहेरची समिती यायची ठरली. प्राचार्यांना साहेब लोकांपुढे इंटरनेट मिरवायचं होतं. त्यांनी फर्मान काढलं की त्या दिवशी सकाळपासून लाईन जोडलेली पाहिजे, ऐन वेळी फोन लागला नाही तर नाक कापलं जाईल. सरांनी सगळं दहादा तपासलं. नवा शर्ट शिवला. केळीसुद्धा त्या दिवशी मॉनिटरवरून उतरवली.

त्या सकाळी मी त्यांच्या आधीच निघाले होते, त्यामुळे पुढचं मला अक्कांकडूनच कळलं. नानांच्या छातीत पहाटेपासून दुखत होतं. त्यांनी अक्कांना दटावलं, "त्याले सांगू नको. आज त्याना कालेजमा साहेब येनार शेतस." सर निघताना नेहमीप्रमाणे दारात थांबले. ओट्यावरची खुर्ची रिकामी होती, म्हणून त्या दिवशी त्यांनी जरा वेगळं विचारलं. "अक्का, नाना बरा शेतस ना?"

अक्का म्हणाल्या, "बठ्ठं बरं शे. तू जाय."

ते फाटकाबाहेर पडले आणि थोड्याच वेळात नानांना दरदरून घाम फुटला. अक्कांनी नवऱ्याचा शब्द मोडायचं ठरवलं. समोरच्या वाणी काकांना नानांजवळ बसवलं आणि पदर खोचून चौकातल्या एसटीडी बूथकडे धावत गेल्या. कॉलेजचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. बूथवाल्याने लावून पाहिला. "कितला येळा लाया," त्या मला सांगत होत्या, "लागेच ना. लागेच ना, बाई." कसा लागणार? त्या लाईनीवर सकाळपासून मामा बसला होता.

शेवटी नानांना रिक्षात घालून अक्का दवाखान्यात गेल्या आणि वाणी काका स्कूटरवर कॉलेजात आले. लॅबच्या दारात मी उभी होते. आत सर मशीनवर सातासमुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचं पान उघडून दाखवत होते. पान हळूहळू, वरून खाली उतरत होतं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "वा! म्हणजे आत्ता, या क्षणी आपण तिथे पोहोचलो!" सर पंख्याकडे बघून म्हणाले, "हो. हे ताजं आहे, साठ्यातलं नाही." मी आत गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून, सरळ, नानांचं सांगितलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा नाना गेले होते. अक्का बाकावर बसल्या होत्या, हातात नानांची टोपी. सर नानांजवळ गेले नाहीत. अक्कांसमोर उभे राहिले आणि प्रथमच मी त्यांना कोणाच्या डोळ्यांत बघून बोलताना पाहिलं.

"सकाळी मी विचारलं होतं, अक्का."

अक्कांनी वर पाहिलं.

दिवस झाले, पारोळ्याचे भाऊबंद येऊन गेले, आणि मग घरात दोघंच उरली. सर सकाळी न विचारता निघत. संध्याकाळी आले की सरळ आपल्या खोलीत. अक्का ताट झाकून ठेवत. ते गुपचूप जेवत, ताट स्वतः घासून पालथं घालत. ओट्यावर नानांची खुर्ची तशीच होती, रेडिओ तिच्यावर ठेवलेला. मी वरून सगळं बघत होते आणि जीव तीळतीळ तुटत होता.

एके दुपारी अक्का जिना चढून माझ्याकडे आल्या. एरवी गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. पायरीवरच बसल्या. "एक अबोला त्यासना संगे गया," त्या म्हणाल्या. "आते हाऊ दुसरा, मनासंगे. मी मधमा होतू म्हनीसन घर होतं. आते मी कोनना मधमा?" आणि रडायला लागल्या. नाना गेले तेव्हाही मी त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला ते त्यांनी सोसलं असतं, पण शाळकरी वयापासून हाताने भाकरी वाढलेला दीर आता मरेपर्यंत आपल्याशीही बोलणार नाही, याची त्यांना धास्ती बसली होती. आणि सरांना ओळखणाऱ्या मलाही ती खरी वाटत होती. या माणसाने सख्ख्या भावाला किती काळ बाहेर ठेवलं होतं!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दुसरं कोणी नाही असं बघून मी सरांना म्हटलं, "अक्का काल फार रडल्या."

सर पंख्याकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा..." आणि थांबले. "नाही. काही नाही. दोन्ही वेळा मी विचारलं होतं. आबांच्या वेळीही, या वेळीही. दोन्ही वेळा मला सांगितलं, बरं आहे."

मला असा संताप आला की मी उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. "माझ्याकडे बघा सर. त्यांनी नंतर खरं सांगायचा प्रयत्न केला होता. नवऱ्याचा शब्द मोडून, बूथवर उभं राहून, नंबर फिरवत होत्या. लाईन कोणी अडवून ठेवली होती?"

हे बोलले याचा मला आजही पश्चात्ताप नाही. कोणीतरी ते बोलायला हवं होतं. पण पंखा हळूहळू थांबला आणि त्यांना बघायला दुसरी जागा उरली नाही, तेव्हा त्यांचं जे तोंड झालं ते मात्र मी विसरू शकत नाही. त्यांनी 'अक्का' लिहिलेल्या पट्टीवर बोट फिरवलं. एक कोपरा सुटला होता, तो दाबून बसवला.

तिसऱ्या प्रहरी पोरं प्रॅक्टिकलला आली आणि ओरडाआरडा सुरू झाला. पानं भराभर येत होती. मी सर्व्हरवरच्या ओळी पाहिल्या. साठवणुकीच्या खोडलेल्या ओळी सरांनी पुन्हा लिहिल्या होत्या. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "राहू द्या. जुनं तर जुनं." आणि शबनम खांद्याला लावून वेळेआधीच निघाले.

मी मागोमाग घरी आले. जिन्यात पोचते तो सर फाटकातून आत येत होते; वाटेत कुठे रेंगाळले होते कोण जाणे. ते नानांच्या खुर्चीपाशी आले. जुन्या सवयीने, तिला जवळजवळ घासून गेले. दारात बसून बूट काढले. एक काढला, दुसरा हातातच राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता.

"अक्का," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा हाक मारली. "अक्का, नाना काय म्हनतस?"

भांड्यांचा आवाज थांबला. अक्का मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ओल्या हातांनी चौकट धरून. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, आता या मोठ्याने हंबरडा फोडणार.

"म्हनतस," अक्का म्हणाल्या, "जेई ले."

सर उठले आणि पाटावर जाऊन बसले. अक्कांनी ताट वाढलं. भाकरी मोडून त्यांच्यापुढे ठेवली, आणि वाकलेल्या तशाच राहून हळूच म्हणाल्या, "आनि म्हनतस, फोननं मनवर लेऊ नको."

सरांनी मान खाली घातली. घास उचलला.

"त्यास्ले सांगी द्या," ते म्हणाले, "बरं."